फुटबॉल बंद झाला, ‘बरं झालं’ म्हणणाऱ्या माझ्या मराठी मित्रांना

स्पष्टच लिहिते. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

परवा आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका ताईंनी मुलीच्या युनिव्हर्सिटीच्या फीचा कागद टाकला. शिकवणीच्या फीखाली चार-सहा किरकोळ ओळी असतात, त्यातली एक खेळांची. ‘आमची पोरगी आयुष्यात कधी चेंडूला हात लावत नाही, आम्ही हे पैसे का भरायचे?’ असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. पण त्यावर एका दादांनी लिहिलं, ‘एसएफयूनं बघा, फुटबॉल बंदच करून टाकला. बरं झालं. युनिव्हर्सिटी शिकायला असते, धुडगूस घालायला नाही.’ त्याखाली धडाधड अंगठे. मी मोजले. चौदा.

त्या चौदा अंगठ्यांसाठी ही पोस्ट.

आधी भारतातल्या वाचकांसाठी दोन ओळी. इथे फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे, त्याला इथे सॉकर म्हणतात. फुटबॉल म्हणजे हेल्मेट आणि खांद्याला गाद्या बांधून, लांबट चेंडू बगलेत मारून एकमेकांच्या अंगावर जायचा तो खेळ. त्यातही कॅनडाचा वेगळा आणि अमेरिकेचा वेगळा. कॅनडात एका बाजूला १२ खेळाडू, मैदान ११० यार्डांचं आणि दहा यार्ड पुढे सरकायला तीन संधी. अमेरिकेत ११ खेळाडू, १०० यार्ड आणि चार संधी. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळं रामायण त्यावरच आहे.

एसएफयू म्हणजे सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटी. व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नबी शहरातल्या डोंगरावर १९६५ साली सुरू झालेलं सरकारी विद्यापीठ. पहिल्या वर्षापासून तिथे फुटबॉलचा संघ होता. आणि पहिल्या वर्षापासून या विद्यापीठाला शेजाऱ्यांपेक्षा वेगळं राहायची हौस होती. बाकी कॅनडातली विद्यापीठं खेळाडूंना स्कॉलरशिप द्यायला नाकं मुरडत होती तेव्हा यांनी ती दिली, आणि कॅनडातल्या संघटनेत न जाता सीमेपलीकडच्या अमेरिकन कॉलेजांशी खेळायला सुरुवात केली. मधली काही वर्षं, म्हणजे २००२ पासून, फुटबॉलचा संघ कॅनडाच्या पश्चिम विभागात खेळला. २००३ मध्ये त्या विभागाचा हार्डी कपही जिंकला. म्हणजे घरच्या अंगणात खेळता येत नव्हतं असं काही नाही.

मग पुन्हा अमेरिकेची ओढ लागली. तिथल्या कॉलेज खेळांची सगळ्यात मोठी संघटना एनसीएए. तिच्या दुसऱ्या दर्जाच्या गटात एसएफयूला प्रवेश मिळाला. अमेरिकेबाहेरचं पहिलं सदस्य विद्यापीठ म्हणून २०१२ साली पूर्ण सदस्यत्वाचा शिक्का बसला. केवढी कौतुकं झाली तेव्हा! हा निर्णय कुणी घेतला? खेळाडूंनी नाही. विद्यापीठाच्या मोठ्या खुर्च्यांनी.

आता त्या निर्णयाचा हिशेब बघा. फुटबॉलचा संघ अमेरिकन नियमांनी खेळणार. म्हणजे कॅनडातल्या शाळेत बारा जणांचा खेळ शिकलेला पोरगा इथे येऊन अकरा जणांचा शिकणार. समोर अमेरिकेतली कॉलेजं, जिथे हा खेळ धर्मासारखा पाळतात. व्हायचं तेच झालं. २०१४ ते २०१८ या काळात या संघानं सलग तीसहून जास्त सामने गमावले. त्याच सुमारास वायव्य अमेरिकेतली कॉलेजं एकामागून एक फुटबॉल सोडत गेली. वेस्टर्न वॉशिंग्टननं तर आधीच, २००९ मध्ये, सोडला होता. शेवटी त्या भागातल्या लीगमध्ये फुटबॉल खेळणारी तीनच उरली: सेंट्रल वॉशिंग्टन, वेस्टर्न ओरेगन आणि आपली एसएफयू. तिघांत कसली लीग? तेव्हा २०२२ पासून हे तिघं पाहुणे म्हणून लोन स्टार नावाच्या लीगमध्ये गेले. ही लीग मुख्यतः टेक्सास आणि न्यू मेक्सिकोची. बर्नबीहून टेक्सास साधारण तीन हजार किलोमीटर. एका सामन्यासाठी तीन हजार किलोमीटर जायचं, आणि परत येऊन सोमवारी लेक्चरला बसायचं.

हा वेडेपणा होता हे मला मान्य आहे. पण वेडेपणा कुणाचा?

२०२३ च्या सुरुवातीला लोन स्टार लीगनं कळवलं की २०२३ चा हंगाम झाला की पुढे तुम्हाला घेणार नाही. नीट वाचा: २०२३ चा हंगाम झाल्यावर. म्हणजे एक पूर्ण हंगाम हातात होता. ४ एप्रिल २०२३ ला विद्यापीठानं जाहीर केलं, फुटबॉल बंद, आजपासून. तो हातातला हंगामसुद्धा खेळायचा नाही. शंभराच्या आसपास पोरं त्या दिवशी सकाळी खेळाडू होती, संध्याकाळी नव्हती.

एप्रिल म्हणजे काय, हे आपल्या लोकांना सांगायला हवं. इथे सत्र संपायची वेळ, परीक्षा तोंडावर. इतर विद्यापीठांनी पुढच्या हंगामासाठी आपले खेळाडू बहुतेक निवडून टाकलेले असतात, स्कॉलरशिपचे पैसे वाटून झालेले असतात. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर अ‍ॅडमिशनच्या सगळ्या राउंड संपत आल्यावर कॉलेजनं सांगावं, ‘तुमची शाखाच बंद केली, बघा आता दुसरीकडे मिळते का.’

विद्यापीठ म्हणालं, पुढच्या वर्षाची स्कॉलरशिप देऊ. दिलीही असेल, मी त्यांना खोटं पाडत नाही. पण खेळाडूला नुसते पैसे नको असतात. त्याच्याकडे खेळायची चार-पाचच वर्षं असतात. त्यातलं एक गेलं की गेलं. वय काही फी नाही की हप्त्यानं भरता येईल.

काही खेळाडू कोर्टात गेले. ब्रिटिश कोलंबियाच्या सुप्रीम कोर्टात (नाव सुप्रीम असलं तरी हे प्रांताचं कोर्ट) त्यांनी अर्ज केला की या निर्णयाला स्थगिती द्या. अर्ज फेटाळला गेला. कोर्टाच्या निर्णयावर मला काही म्हणायचं नाही. पण कोर्टात जिंकणं आणि बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठी माणसाला सांगायला नको. करारात लिहिलेलं नाही म्हणून जबाबदारी नाही, हे बिल्डरनं म्हटलं तर आपण मोर्चा काढतो. विद्यापीठानं म्हटलं की आपण अंगठा देतो.

आणि सगळ्यात मजेचा भाग ऐका. निर्णय जाहीर झाला, बोंबाबोंब झाली, आणि त्यानंतर विद्यापीठानं बाहेरचा सल्लागार नेमला, फुटबॉलचं पुढे काय करता येईल याचा अभ्यास करायला. ऑपरेशन आधी, एक्स-रे नंतर. शेवटी संघ परत आला नाहीच.

आता मी स्वतः त्या संघाचा एक सामना पाहिलाय, तो सांगते. कारण हे सगळं आकड्यांचं नाही. यूबीसी आणि एसएफयू, म्हणजे व्हँकुव्हरची दोन शेजारी विद्यापीठं, यांच्यात १९६७ पासून एक सामना व्हायचा. श्रम बोल. एसएफयूचे पहिले कुलपती गॉर्डन श्रम यांच्या नावानं. (मराठी माणसाला हे नाव ऐकून हसू येतं, मलाही आलं होतं.) लीग वेगळ्या, नियम वेगळे, म्हणून २०१० नंतर तो सामना झालाच नव्हता. २ डिसेंबर २०२२ ला बारा वर्षांनी झाला, डोंगरावरच्या टेरी फॉक्स मैदानावर. थंडीनं बोटं वाकत नव्हती. मला नियमातलं निम्मं कळत नव्हतं. शेजारी साठीतले एक गृहस्थ बसले होते, सत्तरच्या दशकात याच संघातून खेळलेले, ते मला एकेक गोष्ट समजावत होते. एसएफयूनं १८-१७ असा एका गुणानं सामना जिंकला. मैदानावर पोरं रडत होती, बाजूचे आजोबाही रडत होते, आणि कारण धड माहीत नसून मीही. वर्षानुवर्षं हरलेल्या संघाला एका गुणानं जिंकताना बघणं काय असतं, ते बघितल्याशिवाय कळत नाही.

चार महिन्यांनी तो संघ नव्हता.

ज्या मैदानावर हा सामना झाला त्याची गोष्टही सांगायला हवी. टेरी फॉक्स हा एसएफयूचाच विद्यार्थी, तिथल्या बास्केटबॉलच्या कनिष्ठ संघात खेळलेला. कॅन्सरनं पाय गेल्यावर १९८० साली एका कृत्रिम पायानं तो कॅनडा धावत निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. त्याच्या नावाच्या या मैदानाला २०२१ मध्ये नवं स्टेडियम मिळालं, पावणेदोन-अठरा हजार नव्हे, साधारण अठराशे खुर्च्यांचं छोटंसं. ते बांधण्याच्या योजनेत विद्यार्थ्यांचा पैसा होता. विद्यार्थी संघटनेनं दर सत्राला मुलांकडून गोळा केलेली वर्गणी. मुलांनी आधी स्टेडियमसाठी पैसे मोजायचे, आणि दोन वर्षांत त्यातला एक मोठा संघ विद्यापीठानं न विचारता काढून टाकायचा. सॉकर वगैरे तिथे चालू आहे, ते मैदान ओसाड पडलेलं नाही, हे खरं. पण घर बांधायला ज्याच्याकडून पैसे घेतले, भिंत पाडताना त्याला एका शब्दानं विचारू नये?

नावाचंही तसंच. या संघांचं जुनं नाव ‘क्लॅन’ होतं, स्कॉटिश घराण्यांवरून घेतलेलं. पण अमेरिकेत खेळायला गेल्यावर पाठीवर ‘क्लॅन’ लिहून फिरणं कृष्णवर्णीय खेळाडूंना काय वाटत असेल? क्लू क्लक्स क्लॅनच्या देशात! फुटबॉल खेळणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांनी यावर आवाज उठवला, सह्या गोळा केल्या, आणि २०२० मध्ये विद्यापीठानं ते नाव सोडलं. सप्टेंबर २०२२ मध्ये नवं नाव आलं: ‘रेड लीफ्स’. विद्यापीठाची अब्रू वाचवणारी गोष्ट या पोरांनी करून दिली. नवं नाव मिळून सात महिने झाले आणि फुटबॉलचा संघच गेला.

आता तुमचे मुद्दे घेते. ते टाळून पुढे जाणं बरं नाही.

पहिला मुद्दा: पैसा. तीन हजार किलोमीटरच्या दौऱ्यांवर फीचा पैसा का जाळायचा? बरोबर. न जाळता काय करता आलं असतं ते शेजारीच बघा. यूबीसीनं २०१४ मध्ये आपल्या २९ संघांचा फेरविचार करायचं ठरवलं. निकष आधी सांगितले, टप्प्याटप्प्यानं निर्णय घेतले, प्रत्येक संघाला आपली बाजू मांडायला आणि पैसा उभा करायला वेळ दिला. भांडणं खूप झाली, काही संघांचा दर्जा खाली गेला, टीकाही झाली. पण फुटबॉल टिकला. माजी खेळाडूंनी खिशात हात घातला. आणि पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, त्या संघानं शेवटच्या क्षणी मारलेल्या किकवर व्हॅनिए कप जिंकला, म्हणजे कॅनडातल्या विद्यापीठांची राष्ट्रीय स्पर्धा. क्युबेकमधल्या लाव्हाल विद्यापीठाचं तर अख्खं मॉडेलच वेगळं. १९९६ मध्ये सुरू झालेला संघ, स्थानिक उद्योजकांचं पाठबळ, सामन्याला हजारोंची गर्दी. २०२४ पर्यंत बारा व्हॅनिए कप. म्हणजे कॅनडात विद्यापीठाचा फुटबॉल म्हणजे विहिरीत पैसे टाकणं, असं काही नाही. टेक्सासला जाऊन खेळायचं ठरवलं तर मात्र नक्कीच आहे.

इथे कुणीतरी म्हणेल, देणगीदारांच्या पैशाचं काय घेऊन बसलात? यूबीसीच्या फुटबॉलचे मोठे देणगीदार डेव्हिड सिडू यांचं काय झालं? खरं आहे. भारतीय वंशाचे, स्वतः यूबीसीचे माजी खेळाडू. मैदानाला त्यांचं नाव होतं. मुलांच्या परीक्षेला दुसऱ्यालाच बसवल्याच्या अमेरिकेतल्या प्रकरणात त्यांनी २०२० मध्ये गुन्हा कबूल केला, आणि मैदानावरचं नाव उतरलं. देणगीचा पैसा म्हणजे गंगाजल नव्हे. त्यावर नियम हवेत, डोळे हवेत. पण विहिरीत एकदा मेलेला उंदीर सापडला म्हणून गावानं पाणी पिणं सोडलं असं ऐकलंय का?

दुसरा मुद्दा: हा खेळच धोकादायक आहे. डोक्याला मार बसतो, वारंवार बसलेल्या मारानं पुढे मेंदूवर परिणाम होतो. हा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. माझा मुलगा असता तर मीही दहा वेळा विचार केला असता. पण एसएफयूनं हे कारण दिलं का? नाही. दिलं असतं, डॉक्टर बसवले असते, दोन वर्षांत टप्प्यानं बंद केला असता, तर मी ही पोस्ट लिहिली नसती. आपल्याला सोयीचं कारण त्यांच्या तोंडात घालून त्यांचा निर्णय पवित्र करू नका.

तिसरा मुद्दा एका मैत्रिणीचा. शंभर पुरुषांच्या एका संघावर जेवढा खर्च होतो तेवढ्यात मुलींचे किती संघ चालतील? शंभर टक्के मान्य. तसं असेल तर सांगा ना! वाचलेला पैसा अमुक मुलींच्या संघाला, इतका इतका, असा कागद दर वर्षी समोर ठेवा. मी पहिली टाळी वाजवीन.

चौथा मुद्दा: हरणाराच संघ होता, गेला तर काय? याला उत्तर देताना मला जरा राग येतो. २०१० मध्ये वॉटर्लू विद्यापीठाच्या फुटबॉल संघात उत्तेजक द्रव्यांचं मोठं प्रकरण निघालं. अख्ख्या संघाची तपासणी झाली, बरेच जण दोषी निघाले. विद्यापीठानं काय केलं? एक हंगाम संघ निलंबित केला. २०११ मध्ये संघ परत मैदानात. ज्यांनी द्रव्यं घेतली त्यांचा संघ एका वर्षात परत आला. एसएफयूच्या पोरांचा गुन्हा एकच, त्यांना जिथे खेळायला पाठवलं तिथे ती हरली. त्यांचा संघ कायमचा गेला.

आणि ‘युनिव्हर्सिटी शिकायला असते’ हे वाक्य. दादा, रागावू नका, पण हे वाक्य आपण स्थलांतरितांनी तरी बोलू नये. याच एसएफयूच्या कुस्तीच्या संघात डॅनियल इगाली होता. नायजेरियातून १९९४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी आला, इथेच आश्रय मागितला. ना ओळख, ना पैसा. विद्यापीठाच्या मॅटवर त्याला जागा मिळाली. २००० साली सिडनीला त्यानं कॅनडासाठी ऑलिंपिक सुवर्ण आणलं. कॅरल ह्विन, व्हिएतनामहून आलेल्या निर्वासित आईवडिलांची मुलगी, तीही एसएफयूची. २००८, बीजिंग, सुवर्ण. फुटबॉलमधून लुई पासाग्लिया निघाला, जो पुढे बीसी लायन्सकडून पंचवीस हंगाम खेळला. नव्या देशात आलेल्याला आपलं म्हणवून घ्यायला दोनच दारं असतात, एक नोकरीचं आणि दुसरं मैदानाचं. पहिलं आपण ओळखतो. दुसरं आपण मुलांना बंद करून देतो आणि मग दहा वर्षांनी म्हणतो, ‘आमच्या पोरांना इथे मित्रच नाहीत.’

आणि हो, आपल्या खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. हे आपण शाळेच्या स्नेहसंमेलनात अभिमानानं सांगतो. शिक्षण संस्थेनं खेळाडूच्या मागे उभं राहायचं असतं हे आपल्याला कुणा गोऱ्यानं शिकवायची गरज नाही. मग बर्नबीत आल्यावर विसरतो कसे?

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी एवढा खटाटोप.

फुटबॉल बंद करणं चूक होतं की बरोबर, यावर आपण भांडू शकतो. पण ज्या पद्धतीनं तो बंद झाला ती पद्धत तुमच्या घरापर्यंत येणार आहे. नव्हे, आलीय. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली, एका झटक्यात साधारण ३५ टक्के कपात. कॅनडातली विद्यापीठं आणि कॉलेजं वर्षानुवर्षं परदेशी मुलांच्या फीवर चालली होती. इथल्या मुलाच्या चार-पाच पट फी आपलं पोर भरतं. तो नळ बारीक झाल्याबरोबर देशभर कपाती सुरू झाल्या. कुठे कर्मचारी गेले, कुठे कोर्स गेले. आणि प्रत्येक वेळी भाषा तीच: निर्णय कठीण होता, आम्हाला वाईट वाटतं, पण झालाय. आजपासून.

एसएफयूच्या फुटबॉलमध्ये काय घडलं, ते पुन्हा उलगडून बघा. वरच्यांनी एक महत्त्वाकांक्षी निर्णय घेतला. त्याच्या जोरावर कोवळ्या पोरांना बोलावलं, घरी जाऊन आईवडिलांना शब्द दिला. निर्णय अंगाशी आला. तेव्हा ज्यांनी तो घेतला त्यांनी नाही, तर ज्यांना बोलावलं त्यांनी किंमत मोजली. यात ‘फुटबॉलपटू’ काढून ‘पुण्याहून कर्ज काढून आलेली मुलगी’ घाला. वाक्य तसंच्या तसं चालतं. तिलाही असंच एजंटनं, वेबसाइटनं, गुळगुळीत पुस्तिकेनं बोलावलेलं असतं. तिचा कोर्स उद्या एप्रिलमध्ये बंद झाला तर कोर्ट हेच विचारेल, करारात कुठे लिहिलंय?

तेव्हा ग्रुपवर कोण अंगठे देईल? दुसऱ्या कुठल्या ग्रुपवर कुणीतरी लिहील, ‘बरं झालं, या परदेशी पोरांवर कशाला पैसा घालवायचा.’ आणि तिथेही चौदा अंगठे पडतील.

म्हणून मागणी साधी आहे. फुटबॉल परत आणा असं मी म्हणत नाही, तो परत येईल न येईल. पण कुठलाही संघ, कुठलाही कोर्स बंद करायचा असेल तर, एक, किमान पूर्ण एक वर्ष आधी सांगा, अ‍ॅडमिशनच्या हंगामाआधी. दोन, अभ्यास आधी, निर्णय नंतर, आणि तो अभ्यास सगळ्यांना वाचायला द्या. तीन, ज्यांना तुम्ही बोलावलंय त्यांचं शिक्षण आणि त्यांचा खेळ संपेपर्यंतची सोय लेखी द्या. चार, वाचलेल्या पैशाचा हिशेब दर वर्षी द्या. यात क्रांतिकारक काहीही नाही. आपल्या सोसायटीत लिफ्टचं कंत्राट बदलायचं तर आपण सभा घेतो, नोटीस लावतो, तीन कोटेशनं मागवतो. विद्यापीठाकडून तेवढं तरी मागायला काय हरकत आहे?

आणि एक काम आपलं. ब्रिटिश कोलंबियाच्या कायद्यानं एसएफयूच्या व्यवस्थापन मंडळावर विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले दोन सदस्य असतात. पंधरापैकी दोन, पण असतात. त्या निवडणुकीत आपली मुलं मत देतात का, हे आज रात्री जेवताना विचारा. माझा अंदाज आहे, निम्म्यांना ती निवडणूक होते हेच माहीत नसेल. त्यात चूक त्यांची नाही. ‘तू फक्त अभ्यास कर’ हे आपणच त्यांना बारा वर्षं सांगत आलोय.

ज्या ताईंनी फीचा कागद टाकला होता त्यांना मी वेगळा मेसेज केला. म्हटलं, तुमचा सवाल बरोबर आहे, फक्त पुढे न्या. ‘हे पैसे का भरायचे’ यावर थांबू नका. ‘भरलेत, तर विचारायचा हक्क कुठाय’ इथपर्यंत जा. त्या म्हणाल्या, अगं, असा विचारच केला नव्हता.

मीही त्या रात्री मैदानावर जाईपर्यंत केला नव्हता. शेजारच्या आजोबांनी मला त्यांच्या संघाचे नियम समजावले. आता त्या संघाचं काही उरलेलं नाही. त्यांचा नंबर माझ्याकडे नाही, पण ४ एप्रिलला त्यांची आठवण आली. पन्नास वर्षांपूर्वी आपण जिथे खेळलो ते एका निवेदनात संपलेलं वाचताना त्यांना काय वाटलं असेल?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये या, मी इथेच आहे. फक्त ‘बरं झालं’ एवढंच लिहून पळू नका. कारण सांगा.